एकेका पेशीचं मीटर : उंदराच्या अवयवांचा नकाशा घरच्या लॅपटॉपवर वाचताना

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीतली एक मुलगी नेरूळला बायोटेकच्या एम.एस्सी.ला आहे. रोज ठाण्याच्या नऊ-दहा नंबरवरून ट्रान्स-हार्बर पकडते. एका शुक्रवारी रात्री ती लॅपटॉप काखेत मारून दारात उभी. "काकू, तुम्हाला सिंगल सेल येतं ना? ते रंगीत ठिपक्यांचं चित्र काढून द्या ना, सोमवारी सेमिनार आहे."

चित्र चाळीस मिनिटांत निघालं. इंटरनेटवरच्या ओळी एकापाठोपाठ एक चालवल्या की ते निघतंच. मग मी जांभळ्या पुंजक्यावर बोट ठेवून विचारलं, "हे कोण?" ती म्हणाली, "क्लस्टर सात." "म्हणजे कोण?" ती गप्प.

पुढचे चार शनिवार आम्ही दोघी सोसायटीच्या ऑफिसात, पाण्याच्या पंपाच्या आवाजात बसलो. हे टिपण तिथलं आहे. बी.एस्सी., एम.एस्सी.ची मुलं, कोड येणारे पण जीवशास्त्र दहावीत सोडलेले लोक, किंवा उलट, कोणालाही यातून सुरुवात करता येईल.

आधी मीटर समजून घ्या

शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत डीएनए तोच. यकृताची पेशी आणि मेंदूची पेशी वेगळ्या दिसतात, वेगळं काम करतात, कारण त्यांच्यात चालू असलेली जनुकं वेगळी. जनुक चालू असलं की त्याची एमआरएनए नावाची प्रत निघते. कोणत्या जनुकाच्या किती प्रती सापडल्या हे मोजणं म्हणजे जीन एक्सप्रेशन मोजणं.

पूर्वी हे मोजायला अवयवाचा अख्खा तुकडा कुटून त्यातला आरएनए काढत. म्हणजे सोसायटीचं एकच वीजबिल. आकडा खरा, पण कोणाचा एसी रात्रभर चालतो, कोणाचा फ्लॅट दोन वर्षं बंद आहे, हे त्यातून कळायचं नाही. सिंगल सेल म्हणजे प्रत्येक फ्लॅटला स्वतंत्र मीटर. उंदराच्या भ्रूणातल्या एका पेशीचा एमआरएनए २००९ मध्ये पहिल्यांदा असा वाचला गेला. २०१५ च्या आसपास तेलातल्या थेंबांत पेशी अडकवायच्या पद्धती आल्या आणि हजारो मीटरं एका दिवसात वाचणं जमायला लागलं.

मीटरचा हा दाखला लक्षात ठेवा, कारण यातल्या चुकासुद्धा सोसायटीतल्यासारख्याच असतात. दोन फ्लॅट आतून जोडलेले, पण मीटर एकच, तर आकडा मोठ्या कुटुंबाचा वाटतो. जिन्यातल्या दिव्याचं बिल थोडं थोडं सगळ्यांच्या माथी येतं. आणि मीटर वाचणारा माणूस घाईत असला की चालू मीटरसुद्धा शून्य लिहून जातो. तिन्हीकडे पुढे येईन.

कोणता नकाशा घ्यायचा

स्वतः उंदीर कापायच्या भानगडीत नवख्याने पडू नये. आपल्याकडे प्राण्यांवर प्रयोग करायचा तर संस्थेची नोंदणी आणि प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते, आणि तशी सोय सगळ्या कॉलेजांत नसते. खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या संशोधन केंद्राचं स्वतःचं प्राणिगृह आहे. तिथे पुढे इंटर्नशिप मिळाली तर बघालच. शिकायला मात्र फुकट उपलब्ध असलेला माल इतका आहे की आयुष्य पुरायचं नाही.

माझी शिफारस टॅब्युला मुरिसची. लॅटिन नाव आहे, अर्थ साधारण 'उंदराचा तक्ता'. कॅलिफोर्नियातल्या चॅन झकरबर्ग बायोहबच्या पुढाकाराने झालेलं हे काम ऑक्टोबर २०१८ मध्ये 'नेचर'मध्ये आलं. २० अवयव आणि ऊती, १,००,६०५ पेशी. सगळे उंदीर एकाच वाणाचे, साधारण तीन महिन्यांचे, म्हणजे ऐन तारुण्यातले. चार नर, तीन माद्या.

पेशींचा आकडा सगळे सांगतात. उंदरांचा आकडा कोणी सांगत नाही. सात. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, शेवटी लागणार आहे.

याच्यापुढची भावंडंही आहेत. २०२० ची टॅब्युला मुरिस सेनिस, ज्यात एक महिन्यापासून तीस महिन्यांपर्यंतचे उंदीर आहेत. २०२२ ची टॅब्युला सेपियन्स, ज्यात १५ माणसांच्या २४ अवयवांतल्या जवळपास पाच लाख पेशी आहेत. माणसाचं बघायचा मोह होतो, पण सुरुवात उंदरापासूनच करा. एकाच वाणाचे, एकाच वयाचे, एकच खाणं खाणारे प्राणी असले की गोंधळ कमी होतो. माणसांत एकाला मधुमेह, दुसरा विडी ओढणारा, तिसऱ्याचं वय साठ.

पेशी तुमच्या फाइलीपर्यंत आली कशी

ही पायरी सगळे गाळतात. माझ्या मते हीच खरी पायरी आहे. चित्र काढायच्या आधी एक अख्खा शनिवार यावर घालवा.

अवयव काढला की तो बारीक चिरून विकरांच्या द्रावणात ठेवतात. कोलॅजिनेज वगैरे विकरं पेशींना धरून ठेवणारं जाळं विरघळवतात, बहुतेकदा ३७ अंश तापमानाला. मग गाळणीतून गाळून सुट्या पेशी घेतात. ऐकायला सोपं, पण त्या अर्ध्या-पाऊण तासात पेशी जिवंत असते आणि तिला हे सगळं कळत असतं. ताणाला प्रतिसाद देणारी जनुकं, उदाहरणार्थ फॉस आणि जून, तेवढ्यात चालू होतात. ती फाइलीत उंच दिसली म्हणून ती उंदराच्या अंगातही तशीच चालू होती असं समजू नका. घरी पाहुण्यांना आत घेताना यजमान घाईत असतात, तो त्यांचा रोजचा चेहरा नव्हे.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सगळ्या पेशी या प्रवासात टिकत नाहीत. हृदयाच्या स्नायूची पेशी लांबलचक असते, थेंबात मावायला अवघड. हातापायाच्या स्नायूचा तंतू म्हणजे अनेक केंद्रकं असलेली एकच लांब पेशी, ती तर सुटी करून मिळतच नाही. चरबीने भरलेली पेशी फुटते किंवा वर तरंगते. मेंदूतल्या न्यूरॉनचे फाटे तुटतात. उलट रक्तातल्या पांढऱ्या पेशी मुळातच सुट्या, गोल, दणकट, त्या भरभरून येतात.

सकाळी साडेआठला ठाणे स्टेशनच्या नऊ नंबरवर उभं राहून ठाण्याची लोकसंख्या मोजायची ठरवली तर काय दिसेल? ठाण्यात आज्या नाहीत. लहान मुलं नाहीत. सगळे पंचवीस ते पन्नाशीतले, पाठीला सॅक, निम्मे ऐरोली-घणसोलीला जाणारे. मोजणी चुकली नाही, पण ती ठाण्याची नाही, प्लॅटफॉर्मची आहे. या नकाशात 'स्नायूमध्ये इतके टक्के अमुक पेशी' असं वाचलंत की नऊ नंबर आठवा. शिवाय काही अवयवांत ठरावीक प्रकारच्या पेशी मुद्दाम निवडून घेतल्या होत्या. मेंदूत तर प्रतिकारशक्तीच्या पेशी आणि बाकीच्या अशा दोन वेगळ्या पिशव्याच केल्या आहेत. प्रमाणाचे तक्ते बनवू नका. कोणत्या प्रकारच्या पेशी आहेत आणि त्यांच्यात काय चालू आहे, एवढंच विचारा.

पेशी सुट्या झाल्यावर टॅब्युला मुरिसमध्ये दोन वाटा आहेत, आणि दोन्हींच्या फाइली वेगळ्या. पहिली ताटाची. सॉर्टर यंत्र एकेक पेशी ३८४ खळग्यांच्या प्लेटमध्ये टाकतं, प्रत्येक खळग्यात स्वतंत्र रसायन. पद्धतीचं नाव स्मार्ट-सेक-टू. पेशी कमी, पण प्रत्येक पेशीतली जास्त जनुकं सापडतात आणि प्रत पूर्ण लांबीची वाचता येते. या वाटेच्या पेशी ४४,९४९. दुसरी थेंबाची. टेन-एक्स कंपनीच्या यंत्रात तेलातल्या प्रत्येक थेंबात एक पेशी आणि एक मणी अडकवायचा. मण्यावर १६ अक्षरांचा बारकोड असतो, त्या थेंबातल्या प्रत्येक प्रतीला तो चिकटतो, म्हणून नंतर सगळं एकत्र वाचलं तरी कोणती प्रत कोणत्या पेशीची ते कळतं. शिवाय प्रत्येक रेणूला वेगळी खूण असते, तिला यूएमआय म्हणतात, म्हणजे एकाच रेणूच्या झेरॉक्स दोनदा मोजल्या जात नाहीत. या वाटेच्या ५५,६५६. थेंबाची वाट फक्त १२ अवयवांची आहे. ताटांत विसाच्या वीस आहेत.

ताटाच्या आकड्यांची थेंबाच्या आकड्यांशी सरळ तुलना करू नका. एकाचं माप शेर, दुसऱ्याचं किलो.

सामान

लॅपटॉपला १६ जीबी रॅम असेल तर उत्तम. ८ असेल तरी एका अवयवापुरतं भागतं. नाहीच तर गुगल कोलॅबवर फुकट साधारण १२ जीबी मिळते. फक्त मधे वीज गेली किंवा वायफाय तुटलं तर चालू असलेलं सगळं पुसलं जाऊ शकतं, म्हणून पावसाळ्यात दर पायरीनंतर फाइल ड्राइव्हवर टाकत जा. विश्लेषणाचं पॅकेज म्हणून पायथन येत असेल तर स्कॅनपाय, आर येत असेल तर स्यूरा. दोन्ही फुकट, दोन्ही चांगले. 'कोणतं भारी' या वादात वेळ घालवू नका, आजूबाजूला ज्याला विचारता येईल असा माणूस जे वापरतो ते घ्या. खाली मी स्कॅनपाय धरून बोलते.

आणि एक वही. कागदाची.

पहिला अवयव : स्वादुपिंड

पुष्कळ शिकवणी वर्गांत रक्ताच्या पेशींपासून सुरुवात करतात. मी स्वादुपिंड घेते. एक तर आपल्याकडे प्रत्येक घरात कोणी ना कोणी साखरेची गोळी घेणारं असतं, त्यामुळे इन्सुलिन कोणाला समजावून सांगावं लागत नाही. दुसरं, यातल्या पेशी इतक्या वेगवेगळ्या आहेत की बरोबर आलं की चूक, लगेच कळतं. आणि संच लहान आहे, जुन्या लॅपटॉपवरही दम लागत नाही. २०१८ च्या संचात स्वादुपिंड फक्त ताटांच्या वाटेने आहे, थेंबांच्या फाइलींत शोधत बसू नका. आमचा पहिला शनिवार अर्धा त्यातच गेला.

फिगशेअर या संशोधनाच्या फाइली ठेवायच्या साइटवर टॅब्युला मुरिस शोधा. ताटांच्या फोल्डरमध्ये प्रत्येक अवयवाची मोजणीची फाइल मिळेल, आणि वेगळी एक फाइल असेल ज्यात प्रत्येक पेशीला दिलेलं नाव, उंदराचा क्रमांक, नर की मादी हे आहे. मोजणीच्या फाइलीत जनुकं आडव्या ओळींत आणि पेशी उभ्या रकान्यांत आहेत. स्कॅनपायला नेमकं उलट हवं असतं. म्हणजे वाचताक्षणी तक्ता फिरवायचा. विसरलात तर प्रोग्रॅम तक्रार करत नाही, तो निमूटपणे वीस हजारांहून जास्त 'पेशी' आणि थोडीशी 'जनुकं' धरून पुढे जातो. आणि चित्रही काढून देतो! म्हणून फाइल उघडली की पहिलं काम म्हणजे किती ओळी, किती रकाने ते वहीत लिहायचं.

नावांच्या फाइलीतला नावाचा रकाना सध्या बंद ठेवा. उत्तरपत्रिका आहे ती.

गाळणी

प्रत्येक पेशीत किती जनुकं सापडली आणि एकूण किती वाचनं (रीड्स, म्हणजे यंत्राने वाचलेले तुकडे) आली, हे बघा. मूळ अभ्यासात ५०० पेक्षा कमी जनुकं सापडलेल्या पेशी टाकून दिल्या. ताटांत ५०,००० पेक्षा कमी वाचनं आणि थेंबांत १,००० पेक्षा कमी रेणू असले तरी बाद. सुरुवातीला हेच आकडे घ्या. मोजणीच्या फाइलीतल्या काही पेशींना नावांच्या फाइलीत जागाच नाही असं दिसेल, त्या गाळणीत पडलेल्या. ताटांच्या फाइलीत ईआरसीसी नावाने सुरू होणाऱ्या ओळीही असतात. ती उंदराची जनुकं नव्हेत, माप तपासायला बाहेरून घातलेला आरएनए आहे. विश्लेषणातून काढा.

मायटोकॉन्ड्रियाचा वाटा हा तिसरा निकष सगळीकडे वाचाल. पेशी फुटली की आतला एमआरएनए सांडतो, मायटोकॉन्ड्रियातला मात्र आतच राहतो, म्हणून वाटा फुगलेला दिसला तर पेशी मरणपंथाला आहे असं समजतात. तत्त्व बरोबर, पण दोन खड्डे आहेत. एक, नावांचा. उंदराच्या जनुकांत फक्त पहिलं अक्षर मोठं लिहितात, माणसाच्यात सगळी मोठी, आणि मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकांना उंदरात लहान लिपीतला एम-टी लागतो. माणसांसाठी लिहिलेला कोड जसाच्या तसा उचललात तर सगळ्या पेशींत वाटा शून्य येतो आणि आपण खुश होतो, काय सुंदर नमुना आहे म्हणून. शून्य आलं की आधी नाव तपासा, आणि त्या फाइलीत ही जनुकं मुळात ठेवली आहेत का तेही. दोन, पाच टक्क्यांची रेषा सरसकट मारू नका. हृदयाच्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया ठासून भरलेलेच असतात, ती निरोगी असली तरी.

आता जोडफ्लॅट. एका थेंबात दोन पेशी शिरल्या तर एका बारकोडखाली दोघींची जनुकं येतात. थेंबांच्या पद्धतीत हे प्रमाण पेशींच्या संख्येबरोबर वाढतं, दर हजारामागे साधारण ०.८ टक्का, म्हणजे दहा हजार पेशी घेतल्या तर आठेक टक्के. मी स्वतः यात सपशेल आपटले आहे. नोकरीतल्या पहिल्या वर्षी प्लीहेच्या एका संचात मला असा पुंजका दिसला ज्यात टी पेशींचं सीडी-३-ई आणि बी पेशींचं सीडी-७९-ए दोन्ही चालू. नवीन पेशी! दोन आठवडे मी वाचत होते, स्लाइडी बनवत होते. साहेबांनी एकच प्रश्न विचारला, "एकूण रेणू किती आहेत यांच्यात?" बघितलं, तर शेजारच्या पुंजक्यांच्या जवळपास दुप्पट. दोन फ्लॅट, एक मीटर. तेव्हापासून कुठलाही 'दोन्हीकडचा' पुंजका दिसला की मी आधी बेरीज बघते. स्क्रबलेटसारखी साधनं हे काम आपोआप करतात, पण बेरीज डोळ्यांनी बघायची सवय सोडू नका.

जिन्यातला दिवा म्हणजे फुटलेल्या पेशींचा द्रावणात तरंगणारा आरएनए. तो सगळ्या थेंबांत थोडा थोडा शिरतो, ताटांच्या खळग्यांतही पेशीबरोबर थोडा जाऊ शकतो. स्वादुपिंडात थेंबांची पद्धत वापरली की रक्तवाहिनीच्या पेशीतही चिमूटभर इन्सुलिन दिसतं. शिवाय हा अवयव आरएनएच्या बाबतीत बदनाम आहे: पचनाचे रस बनवणाऱ्या पेशींत आरएनए कुरतडणारी विकरं भरपूर, त्या फुटल्या की शेजाऱ्यांचंही नुकसान करतात. लॅबमधले लोक स्वादुपिंडाचं नाव काढलं की कपाळाला हात का लावतात ते यावरून कळेल.

आकडे एका मापावर, मग चित्र

इथे पटापट जाऊया, कारण इथे प्रोग्रॅम बहुतेक काम नीट करतो. प्रत्येक पेशीची बेरीज सारखी करायची, स्कॅनपायच्या धड्यांत बहुधा दहा हजार, मग लॉग घ्यायचा. पेशी-पेशींत सर्वांत जास्त बदलणारी दोनेक हजार जनुकं निवडायची. त्यांचे प्रमुख घटक काढायचे, पेशींचे शेजारी शोधायचे, लायडन पद्धतीने पुंजके (क्लस्टर) पाडायचे आणि युमॅपने कागदावर मांडायचे, तेच ते रंगीत ठिपक्यांचं चित्र. बस.

दोन इशारे. युमॅपवर दोन बेटं लांब आहेत म्हणून त्या पेशी तितक्याच वेगळ्या, असं नसतं. जवळचे शेजारी साधारण खरे, लांबचं अंतर आणि बेटाचा आकार यांवर काही उभारू नका. आणि लायडनला 'किती बारीक फोडू' असा एक आकडा द्यावा लागतो. तो वाढवला की पुंजके वाढतात, घटवला की कमी होतात. म्हणजे 'नऊ प्रकारच्या पेशी सापडल्या' यातला नऊ काही अंशी तुमच्याच बोटातून आलेला असतो. तीन वेगवेगळे आकडे देऊन बघा. जो पुंजका तिन्ही वेळा टिकतो त्याच्याबद्दल बोला.

नावं ठेवायची पायरी

मराठीत नावं ठेवणं म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे, आणि इथेही थोडं तसंच करायचंय: प्रत्येक पुंजक्याकडे संशयाने बघायचं.

आधी ढोबळ चार घरं पाडा. पीटीपीआरसी चालू असेल तर प्रतिकारशक्तीची पेशी. ईपीकॅम असेल तर अस्तराची. पीकॅम-१ रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराची. कोल-१-ए-१ जोडऊतीची. ही चार जनुकं कुठल्याही अवयवात पहिली टाकायची, पहिला दरवाजा आहे तो. (सॉफ्टवेअरमध्ये अर्थात रोमन लिपीत, पहिलंच अक्षर मोठं.)

मग स्वादुपिंडातली घरं. इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींसाठी इन्स-१ आणि इन्स-२. माणसात इन्सुलिनचं जनुक एकच, उंदरात दोन, वेगवेगळ्या गुणसूत्रांवर. ग्लुकागॉन बनवणाऱ्या अल्फा पेशींसाठी जीसीजी, डेल्टासाठी एसएसटी, पीपी पेशींसाठी पीपीवाय. पचनरसाच्या पेशींसाठी सीपीए-१, नळीच्या पेशींसाठी केआरटी-१९.

आमच्या त्या मुलीने जांभळ्या पुंजक्यावर इन्स-२ रंगवलं तेव्हा तो अख्खा पुंजका पिवळाधमक झाला. तिच्या आजीला रोज सकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन तीच देते. ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काकू, पण बाकीच्यांतपण थोडं पिवळं आहे." मला तो प्रश्न त्या चारही शनिवारांतला सर्वांत चांगला वाटला. उत्तर शोधायला आम्ही आकडे काढले: जांभळ्या पुंजक्यात इन्स-२ बाकीच्यांपेक्षा कित्येक पटींनी जास्त, आणि बाकीच्या पुंजक्यांत सगळीकडे साधारण सारखंच पुसट. सगळीकडे सारखं पुसट म्हणजे जिन्यातला दिवा. एखाद्याच पुंजक्यात मध्यम असतं तर वेगळा विचार करावा लागला असता.

एका जनुकावर नाव ठेवू नका. किमान तीन तरी बघा, आणि जे नसायला हवं ते खरंच नाही ना हेही बघा. बीटा पेशीत इन्स-२ हवं, पण पीटीपीआरसी नको. शून्य दिसलं म्हणून जनुक बंद आहे असंही नाही, मीटर वाचणारा घाईत असतो: पेशीतल्या प्रतींपैकी थोड्याच पकडल्या जातात. म्हणून निकाल एका पेशीवर न देता पुंजक्यावर द्यायचा.

आता उत्तरपत्रिका उघडा. नावांच्या फाइलीतल्या नावांशी तुमच्या नावांचा आडवा-उभा तक्ता करा. इथे एक गंमत आहे, जिने आमचा अर्धा तास खाल्ला. फाइलीत बीटा पेशींना 'टाइप बी पॅनक्रियाटिक सेल' म्हटलंय, कारण नावं पेशींच्या एका प्रमाणित शब्दसूचीतून घेतली आहेत. 'बी सेल' वाचून मुलगी म्हणाली, "या तर रक्तातल्या बी पेशी!" नाहीत. अल्फाला तिथे 'ए', डेल्टाला 'डी'. जुळलं नाही तर लगेच स्वतःला चूक समजू नका. नावं देणारीही माणसंच होती. काही पुंजक्यांना त्यांनी ढोबळ नाव देऊन पुढे जाणं पसंत केलंय. तुमच्याकडे तीन जनुकांचा पुरावा असेल तर वहीत तसं लिहा.

एक गोष्ट मात्र या चित्रात कधीच सापडणार नाही: जागा. स्वादुपिंडात संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींचे छोटे समूह असतात, त्यांनाही बेटंच म्हणतात (युमॅपवरची नव्हेत); उंदरात बीटा पेशी या बेटाच्या मध्यभागी आणि अल्फा कडेला असतात, माणसात त्या मिसळलेल्या. पेशी सुट्या केल्या की हे सगळं गेलं. त्यासाठी ऊतीचा काप जागच्या जागी वाचणाऱ्या वेगळ्या पद्धती आहेत, त्या पुढच्या वर्षी.

एका अवयवातून दुसऱ्यात

या नकाशाची खरी मजा इथे आहे, आणि खरी धोंडही. एक प्रकारची पेशी धरा आणि तिला अवयवागणिक भेटा. रक्तवाहिनीच्या अस्तराची पेशी घ्या, पीकॅम-१ सगळीकडे आहेच. मेंदूत तिच्यात एसएलसी-२-ए-१ जोरात दिसेल, मेंदूला साखर पोचवणारा दरवाजा तो. यकृतात स्टॅब-२ दिसेल, कारण तिथली वाहिनी रक्तातला कचरा गोळा करणारी, भोकं असलेली. आडनाव तेच, पण गावागणिक धंदा वेगळा. मॅक्रोफेज म्हणजे कचरा आणि जंतू गिळणाऱ्या पेशी, त्यांचंही असंच, यकृतातल्यांत क्लेक-४-एफ दिसेल, मेंदूतल्यांत पी-२-आरवाय-१२.

तुलना एकाच वाटेच्या फाइलींत करा, ताटं ताटांशी. आणि आता वहीचं पहिलं पान उघडा.

सात उंदीर. समजा नर आणि मादी यांच्या यकृतातल्या पेशींत फरक शोधायचाय. प्रत्येक बाजूला काहीशे पेशी आहेत, चाचणी लावली की पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता) इतकी लहान येते की शून्यं मोजता मोजता थकाल. पण एका उंदराच्या पाचशे पेशी म्हणजे पाचशे उंदीर नव्हेत. एकाच घरातल्या दहा जणांना मत विचारून वॉर्डाचा निकाल सांगण्यासारखं आहे ते. कदाचित एकाच मादीने सकाळी जास्त खाल्लं असेल. योग्य पद्धत अशी: प्रत्येक उंदराच्या, त्या प्रकारच्या सगळ्या पेशींची बेरीज करून एक रांग बनवायची, आणि उंदरांची उंदरांशी तुलना करायची. मग सातच आकडे उरतात, बहुतेकदा त्याहून कमी, कारण प्रत्येक अवयव प्रत्येक उंदराचा आलेला नसतो. पुष्कळसे 'शोध' इथे विरघळतात. विरघळू द्या.

याची छोटी परीक्षा लगेच घ्या. एक्सआयएसटी हे जनुक मादीच्या पेशींतच चालू असतं. ते रंगवा. तुमचा एखादा सुंदर नवा पुंजका निव्वळ माद्यांचा निघाला, किंवा एकाच उंदराच्या क्रमांकाचा निघाला, तर तो पेशीचा प्रकार आहे की प्राण्याचा, हा प्रश्न आधी सोडवा. पुंजका किमान तीन उंदरांत दिसल्याशिवाय मी त्याला नाव देत नाही.

स्वादुपिंड आणि अजून एक अवयव असा हाताखालून गेला की सेनिसकडे वळा. थायमस घ्या, वयाबरोबर तो आक्रसतो हे पाठ्यपुस्तकात वाचलेलं असेल, त्यामुळे काय अपेक्षा करायची ते माहीत असतं. पण फाइल उतरवल्यावर चित्र काढू नका. आधी वहीत एक चौकट आखा. डावीकडे वय, वर नर आणि मादी, आणि प्रत्येक चौकोनात उंदरांचे क्रमांक, पेशींची संख्या नाही. जिथे एका वयाचे सगळे उंदीर नर आणि दुसऱ्या वयाचे सगळे माद्या असतील, ती वयांची जोडी लाल पेनने खोडा, तिथे वयाचा प्रश्न विचारता येत नाही. आमची मुलगी आता हे ट्रान्स-हार्बरमध्ये, तुर्भे येईपर्यंत उभ्या उभ्या करते. लॅपटॉप सॅकमध्येच असतो.